एका स्टॉपचा फरक

भिजलेल्या गोणपाटाचा मातकट वास आणि त्याच्या आतून झिरपणारा हायपोचा, फोटो पक्का करायच्या रसायनाचा, आंबट, किंचित गंधकी वास. हे दोन वास मला पहिल्यांदा एकत्र भेटले ते उमरग्यातल्या एका अरुंद स्टुडिओत, एप्रिलमधल्या भर दुपारी. बाहेर हायवेचं डांबर मऊ पडलं होतं. आत काळ्या पडद्यामागून आवाज आला, "कशासाठी पाहिजे?"

मी फक्त ब्लॅक अँड व्हाइट रोल आहे का, एवढंच विचारलं होतं.

"फोटोसाठी," मी म्हटलं.

"ते झालं. कशाच्या फोटोसाठी?"

गावातल्या कॉलेजात मराठी शिकवायला मी नुकतीच रुजू झाले होते. थोरल्या भावानं अडगळीत टाकलेला एक जुना कॅमेरा मी उचलून आणला होता, आणि कवितेत जे मावत नाही ते त्यात मावेल अशी एक धूसर आशा मनात होती. ती दुकानदाराला कशी सांगायची? पडदा सरकला. उंच, खांद्यात वाकलेले गृहस्थ, कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्यांवर तपकिरी डाग, नखं रसायनानं काळवंडलेली. चष्म्यावरून माझ्याकडे बघून ते म्हणाले, "ठरवून या. रोल कुठं पळून जात न्हाय."

विकायला बसलेल्या माणसानं गिऱ्हाइकाला रिकाम्या हातानं परत पाठवावं, हे मी त्या बाजारपेठेत प्रथमच पाहिलं. राग आला. आणि आठवडाभर मी येता-जाता एकच विचार करत राहिले, की मला नेमकं काय बघायचं आहे.

सगळं गाव त्यांना अप्पा म्हणे. त्यांचं खरं नाव स्टुडिओच्या पाटीवर होतं, ते उन्हानं पुसलं गेलं होतं, आणि पाटी पुन्हा रंगवावी असं त्यांना कधी वाटलं नाही. लग्नाचे व्हिडिओ, पासपोर्टचे फोटो, मोबाइलमधून काढून द्यायच्या प्रिंट, हे सगळं रस्त्यापलीकडच्या चकचकीत दुकानांकडे गेलं होतं. अप्पांकडे उरली होती काळी-पांढरी फिल्म. ती धुऊन देणारं माणूस आसपासच्या जिल्ह्यांत दुसरं नव्हतं, म्हणून पुण्या-हैदराबादच्या हौशी मुलामुलींचे रोल त्यांच्याकडे कुरियरनं येत.

फडताळात पत्र्याचे तीन डबे होते. फिल्मच्या खोक्यांवर कंपनीनं काय छापलं आहे याची अप्पांना पर्वा नव्हती. डब्यांवर त्यांनी आपल्या हातानं लिहिलं होतं : 'उन्हाचा', 'सावलीचा', 'अंधाराचा'. मंद, भरपूर उजेड लागणारी फिल्म पहिल्या डब्यात, मधली दुसऱ्यात, आणि काजळीसारखी कणीदार, थोड्या उजेडात चालणारी तिसऱ्यात. डबा गिऱ्हाइकानं निवडायचा नाही. गिऱ्हाइकानं काय बघितलं ते सांगायचं, डबा अप्पा उघडणार.

एकदा नळदुर्गच्या किल्ल्यात लग्नाआधीचे फोटो काढायला निघालेलं एक जोडपं आलं होतं. दोघंही गोड, अत्तराच्या वासाची. मुलगा म्हणाला, "अप्पा, जरा मूड पाहिजे. सॅड टाइप."

"लग्न ठरलंय ना?"

"हो."

"मग दुःख कशाला पाहिजे आत्ताच? आन् काळं-पांढरं म्हंजी दुःख, हे कुणी सांगितलं तुमाला? दुःखाचा डबा माझ्याकडं न्हाय." मग मुलीकडे वळून त्यांनी विचारलं, "तुमाला ह्यांच्यात काय आवडलं?" ती लाजली आणि म्हणाली, "हसताना डोळे बारीक होतात." अप्पांनी ताबडतोब 'उन्हाचा' डबा उघडला.

फिल्म धुण्याचं रसायन वीस अंशांवर हवं, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तक लिहिणाऱ्यांनी उमरग्याचा मे महिना पाहिलेला नसतो. अप्पांनी त्यासाठी दोन माठ ठेवले होते, दोन्हींवर ओलं गोणपाट. एकात प्यायचं पाणी, दुसऱ्यात पाण्यात बुडवून ठेवलेल्या रसायनाच्या बाटल्या. चूक होऊ नये म्हणून खडूनं लिहिलेलं होतं. एका माठावर 'पाणी', दुसऱ्यावर 'पाणी न्हाय'. शेवटचं धुणं मात्र फिल्टरच्या जारमधल्या पाण्यानं. बोअरच्या जड पाण्याचे ठिपके फिल्मवर पांढरे वाळतात, आणि ते एकदा वाळले की जन्मभर सोबत करतात.

वेळ मोजायला ते घड्याळ वापरत नसत. शाळेत पाठ केलेली सवायकी, म्हणजे सव्वाचा पाढा, म्हणत. ती एकदा पूर्ण म्हटली की बरोबर एक मिनिट होतं, असा त्यांचा दावा होता, आणि मी लपून मोबाइलवर पडताळून पाहिला तेव्हा तो दोन-तीन सेकंदांपलीकडे चुकला नाही. दर मिनिटाला टाकी हलकेच उलटी करायची, सुलटी करायची, खाली ठेवायची. मध्येच फोन वाजला तर तो कानाला लावत, पण पाढा थांबत नसे. एका गिऱ्हाइकानं 'सात सवा पावणेनऊ' ऐकून फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला दारात हजर झालं. अप्पा म्हणाले, "बरं केलं, आलात."

धुतलेल्या रोलबरोबर ते एक चिठ्ठी पाठवत. पुण्याच्या एका मुलाला लिहिलेली चिठ्ठी पाकिटात घालायला माझ्याकडे आली, म्हणून मी वाचली : 'छत्तीसपैकी तीस फोटो एकाच मांजराचे आहेत. मांजर चांगलं आहे. पुढच्या वेळी त्याचे सहाच काढा आणि राहिलेले तुमच्या आई-वडिलांचे.'

मी दुसऱ्या खेपेला गेले ती उत्तर घेऊन. येडशीजवळ रामलिंगच्या रानात, ओढ्याच्या काठी, एक अर्जुनाचं झाड आहे. त्याच्या सालीचे पापुद्रे गळून खोडावर फिकट चकत्या उमटलेल्या असतात. त्या मला बघायच्या होत्या. अप्पांनी किती वाजता जाणार, झाडावर ऊन कुठून येतं, हे सगळं विचारलं आणि 'सावलीचा' डबा उघडला. पुढं दोन वर्षं माझे रविवार त्या स्टुडिओत गेले. मी एक स्कॅनर घेतला आणि त्यांच्याच टेबलावर ठेवला. अप्पा धुणार, मी स्कॅन करणार, असं ठरलं. त्या यंत्राला ते शेवटपर्यंत 'झेरॉक्स' म्हणाले. रंगीत फिल्मवरची धूळ स्कॅनर आपण होऊन ओळखतो आणि पुसतो. काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये चांदी असते, ती त्याला गोंधळात पाडते, म्हणून तिथली धूळ हातानंच, एकेक कण शोधून काढावी लागते. हे मी समजावून सांगितलं तेव्हा अप्पा प्रसन्न झाले. "चांदीपुढं मशीन आंधळं हाय म्हणा की."

आता ते सोलापुरात मुलीकडे असतात, स्टुडिओच्या जागी चपलांचं दुकान आहे. मी रोल मागवते ते मोबाइलवरून, बोटाच्या एका टोकानं. पण बोट टेकवण्याआधी थांबते आणि पडद्यामागच्या त्या प्रश्नाचं उत्तर मनात देते.

निगेटिव्हवर पेन्सिल चालवणं त्यांनी मी भेटण्याच्या कितीतरी आधीच सोडलं होतं. तरुणपणी ते त्या कामात नावाजलेले होते. स्थळासाठी काढलेल्या फोटोंतले फोड, व्रण, देवीचे वण ते टोकदार शिसपेन्सिलीनं असे भरून काढत की चेहरा दुधासारखा होई. एकदा एका नवरदेवाच्या गालावरचा वाटाण्याएवढा तीळ त्यांनी घालवला. फोटो पसंत पडला, लग्न ठरलं, आणि मांडवात नवरीचा मामा फोटो हातात धरून नवरदेवाकडे बघत म्हणाला, "हा तो न्हाय." दोन्हीकडची माणसं शपथा घेऊ लागली. शेवटी मामा नवरदेवाला मुंडावळ्यांसकट मोटारसायकलवर बसवून स्टुडिओत घेऊन आला, आणि अप्पांना निगेटिव्ह काढून त्यावरची पेन्सिल दाखवावी लागली. मुहूर्त दुपारचा होता, लग्न तिन्हीसांजेला लागलं.

"तीळ गेला ते ठीक," अप्पा सांगत, "पर त्याच्या मागनं नवरा पण गेला असता की."

आणि आता आईविषयी सांगायला हवं.

माझी आई माझ्याजवळ राहते. माझ्या जन्मानंतर तिच्या अंगावर कोड उठलं. आधी ओठाच्या कडेला, मग डाव्या गालावर, कपाळावर, हातांवर. तेव्हापासून सक्तीचा सोडून तिनं एकही फोटो काढून घेतला नाही. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये आई आहे ती एका कोपरापुरती, अक्षतांचं ताट धरलेल्या हातापुरती. आधार कार्ड दाखवायची वेळ आली तर ती स्वतःच्या चेहऱ्यावर अंगठा ठेवून दाखवी. बाहेर जाताना पदर डाव्या गालावरून असा ओढलेला की वाऱ्यानंही हलू नये. घरात, माझ्यासमोर मात्र पदर खांद्यावर असे. तेवढी एक जागा तिनं स्वतःसाठी राखली होती.

अर्जुनाच्या खोडाचा माझा फोटो तिनं एकदा हातात घेतला. बराच वेळ धरला. "ह्या झाडाला पण हायत की," ती म्हणाली. मग, कपाटाकडे बघत, "काळ्या-पांढऱ्यात काढणार असशील तर माझा एक काढ. एकच."

मी अप्पांकडे धावत गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्यांना घेऊन या. माणूस बघितल्याशिवाय डबा उघडत न्हाय मी."

आईचं माहेर कर्नाटकच्या हद्दीत. अप्पांनी तिला पाहताच "बर्री अक्का, कुंद्री," असं म्हणून खुर्ची पुढं केली, आणि ती माहेरच्या बोलीतलं 'या, बसा' ऐकून खरोखरच बसली. दोघं कानडीत कुठल्याशा जत्रेबद्दल बोलत राहिली. मग अप्पांनी खिशातून उजेड मोजायचं मीटर काढलं, काडेपेटीएवढं, कडा झिजलेलं.

"अक्का, पदर जरा. माप घ्यायचंय."

आईचा हात सवयीनं वर गेला, पदर घट्ट धरला गेला. अप्पा मीटर धरून थांबले, जसा शिंपी टेप धरून थांबतो. कुठलीही घाई नाही, कुठलंही सांत्वन नाही. हळूहळू आईच्या बोटांनी पदर सोडला. त्यांनी मीटर गालावरच्या पांढऱ्या चट्ट्यापाशी नेलं. "इथं अकरा." मग दुसऱ्या गालापाशी. "इथं आठ." चष्मा वर करून आकडा पुन्हा पाहिला; मीटरवर आठाच्या पुढची पायरी थेट अकराची असते. "एका स्टॉपचा फरक. फार तर सव्वा."

"म्हंजी किती?" आईनं विचारलं.

अप्पा उठले. खिडकीच्या दोन दारांपैकी एक त्यांनी लावलं. खोली किंचित मावळली. भिंतीवरच्या कॅलेंडरचा लाल रंग एक पायरी खाली उतरला. "एवढा."

आई खिडकीकडे बघत राहिली. "एवढाच?"

"एवढाच."

माझ्या आईला लोकांनी चोरून पाहिलं होतं, टाळून पाहिलं होतं, कणव आणून पाहिलं होतं. तिला मोजून पाहणारा हा पहिलाच माणूस. ती हसली. मी तिला परक्यासमोर पदराशिवाय हसताना पाहिलं नव्हतं.

"आता ऐका," अप्पा म्हणाले. "लेन्सवर लाल काच लावली तर डाग निम्मे दिसणार न्हायत. निळी लावली तर दुप्पट दिसतील. काहीच न लावता उन्हाच्या रोलवर काढलं, आन् टाकीत मी जरा बेतानं धुतलं, तर हायत तसे. कसं पाहिजे?"

"लाल," मी म्हटलं.

"बाई, तुमाला न्हाय विचारलं."

आईनं मांडीवरचे आपले हात पाहिले. आणि शांतपणे म्हणाली, "हायत तसे."

अप्पा अंधाऱ्या खोलीत गेले. मोठ्या रिळातून कात्रीनं पाच फोटोंचा तुकडा कापून, रिकाम्या डबीत भरून घेऊन आले. "एका फोटोला छत्तीसचा रोल दिला तर उरलेले संपवायला तुमी दिवाळी गाठाल. फोटो तुमीच काढा. माझ्यापुढं त्या पावण्यासारख्या बसतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी, स्वयंपाकघराच्या दारात, इरकल नेसून आई उभी राहिली. मी एकदाच बटण दाबलं. रविवारी अप्पांनी तो तुकडा धुतला. ओल्या निगेटिव्हमध्ये आईचा चेहरा फिकट झाला होता आणि डाग काळे, ढगांसारखे.

पुढं जे केलं ते मी केलं. अप्पा जेवायला घरी गेले होते. मी स्कॅन केलं आणि लॅपटॉपच्या पडद्यावर धूळ टिपू लागले. कपाळावर एक कण, केसांत दोन, पदरावर एक तंतू. माउस टेकवला की कण नाहीसा होई, आणि त्याच्या जागी शेजारचा रंग येऊन बसे. आईच्या ओठाच्या कडेला पोचले तेव्हा हात थांबला नाही. एक टिचकी, आणि ती कड सावळी झाली. मला वाटलं, तिनं संकोचानं 'हायत तसे' म्हटलं असणार, मनातून तिला हेच हवं असणार. तासाभरात आईचा चेहरा मी जन्मायच्या आधी होता तसा झाला. स्टँडजवळच्या लॅबमधून प्रिंट काढली आणि घरी नेली.

आईनं चष्मा लावला, फोटो दोन्ही हातांनी धरला.

"चांगला आलाय," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "तुझ्या मावशीवानी दिसते."

फोटो तिनं कपाटातल्या कागदाखाली पालथा ठेवला आणि ज्वारी निवडायला बसली. मी पाणी घेऊन जवळ गेले तेव्हा पाहिलं, तिनं पदर डाव्या गालावर ओढून घेतला होता. घरात. माझ्यासमोर.

त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर ती प्रिंट घेऊन अप्पांकडे गेले. मला त्यांची बोलणी खायची होती, आणि यातून काही मार्ग आहे का, तेही विचारायचं होतं. त्यांनी प्रिंट खिडकीशी धरली. निगेटिव्ह काढून भिंग लावलं. एकदा इकडे, एकदा तिकडे. मग आत जाऊन हात धुतले, पुसले, आणि माझ्यासमोर येऊन बसले.

"बाई, धूळ पुसायचं काम तुमच्याकडं होतं."

"हो."

"मग आईला का पुसलं?"

"तिला बरं वाटावं म्हणून, अप्पा."

"त्यांनी माझ्यासमोर सांगितलं होतं, कसं पाहिजे ते. तुमी बी बसला होता तिथंच." त्यांचा आवाज चढला नव्हता. "आजवर त्यांच्याकडं बघून सगळ्यांनी तोंड फिरवलं आसंल. तुमी तर आख्खा चेहराच फिरवला."

मी रडले. त्यांनी रडू दिलं. 'पाणी' लिहिलेल्या माठातलं पाणी आणून ठेवलं. मग म्हणाले, "निगेटिव्ह शाबूत हाय. त्याच्यात काही गेलं न्हाय. उठा."

आत लाल दिव्याचा उजेड होता. हायवेवरून ट्रक गेला की तिथली जमीन थरथरते आणि छपाईचं यंत्र हलून फोटो फिसकटतो, म्हणून अप्पा दोन ट्रकांच्या मधल्या शांततेत प्रिंट काढत. आम्ही कान देऊन उभे राहिलो. एक गेला. त्याच्या मागून दुसरा, लोखंड भरलेला असावा, आवाज जड होता. मग काहीच नाही. "आता," ते कुजबुजले, आणि कागदावर बारा सेकंद उजेड पडला.

कागद त्यांनी माझ्या हातात दिला. "तुमीच बुडवा."

ताटलीतल्या पाण्यासारख्या द्रवात कागद कोराच पडून होता. मग डोळ्यांची बुबुळं आली. केस आले, इरकलचे काठ आले, नथीची सावली आली. डाग शेवटपर्यंत कागदाचाच पांढरा धरून राहिले आणि भोवतीचा सावळा चेहरा हळूहळू त्यांच्यापर्यंत चालत आला, त्यांना कवेत घेऊन थांबला. शेजारी अप्पा सवायकी म्हणत होते, अगदी हलक्या आवाजात, झोपल्या माणसाला जाग येऊ नये तशी.

कागद धुऊन, वाळवून, वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी माझ्याकडे दिला. "त्या काय म्हणतील ते मला येऊन सांगा. जसंच्या तसं. त्यात कविता घालू नका."

घरी आई दाराशी बसली होती, पदर अजून गालावर. मी कागद उलगडून तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "आधीचा मी बिघडवला होता. हा अप्पांनी काढला." तिनं पाहिलं. बोट उचलून ओठाच्या कडेशी नेलं, फोटोतल्या, मग स्वतःच्या. कपाळाशी नेलं. मी विचारलं, "कपाटात ठेवू का?"

तिनं पदर खांद्यावर टाकला. बैठकीच्या खोलीकडे पाहिलं, दारातून आत येणाऱ्याची नजर जिथं पहिली पडते त्या मोकळ्या भिंतीकडे, आणि फोटो माझ्या हातात परत देत म्हणाली,

"लाव."